जावईबापूंचा पुढचा ट्रक

जावयाने स्केटबोर्ड घेतला हे बाईंना लेकीकडून कळलं, तेव्हा फोनवर त्यांनी एकच विचारलं, "कशाला?"

"तुझ्याबरोबर थोडा वेळ घालवता यावा म्हणून," लेक म्हणाली.

"मग घरी येऊन बस म्हणावं. फळी कशाला पाहिजे?"

बाई चष्म्याच्या एका दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत. वय अठ्ठावन्न, अंगाने काटकुळ्या, जिभेने काटेरी. दर रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर आठ-दहा माणसं जमत, डांबरावर रबरी शंकू ओळीने मांडत आणि फळीवर उभं राहून त्यांच्यामधून नागमोडी खाली उतरत. याला स्लॅलम म्हणतात. बाई हा उद्योग एकतीस वर्षं करत होत्या. नवरा होता तेव्हा तो म्हणायचा, पडशील. तो गेला, बाई अजून पडल्या नव्हत्या.

फळीच्या पोटाशी पुढे एक आणि मागे एक असे धातूचे दोन जोड असतात. त्यांना ट्रक म्हणतात, का म्हणतात ते बाईंनाही माहीत नव्हतं. ट्रकच्या आडव्या दांड्याच्या दोन टोकांना चाकं बसतात, आणि माणूस ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला दांडा वळतो. स्लॅलमचं सगळं गणित या दोन जोडांत. पुढच्याने चटकन वळायचं, मागच्याने मुकाट्याने मागून यायचं. दोन-तीन डिग्री इकडची तिकडे झाली की फळी शंकू सोडून भलतीकडे जाते. बाईंना डिग्रीचं कौतुक शिकवायची गरज नव्हती. काच पाच डिग्री वाकडी बसली तर गिऱ्हाईकाला जिना तिरका दिसतो, हे त्या हाताने शिकल्या होत्या.

जावई एका कंपनीत लोकांना वेळेचं नियोजन शिकवायचा. पहिल्या रविवारी तो वीस मिनिटं उशिरा आला. सोबत दोन हेल्मेटं, कोपरांची, गुडघ्यांची आणि मनगटांची कवचं, चाकांचे तीन संच आणि हे सगळं ठेवायला खास शिवलेली पिशवी. बाईंनी पिशवीकडे बघितलं.

"जावईबापू, राहायला आलात का?"

मंडळी हसली. जावईही हसला. तो नेहमी हसायचा, आणि ते बाईंना जास्तच खटकायचं. ज्याला टोमणा लागत नाही त्याला मारून उपयोग काय?

त्यांनी त्याची फळी उलटी केली आणि कपाळाला हात लावला. पुढे-मागे दोन्हीकडे एकाच जातीचे, सगळ्यात जास्त वळणारे ट्रक. दुकानदाराने महाग ते चांगलं म्हणून दिले, यानेही महाग ते चांगलं म्हणून घेतले. त्यावर उभा राहिला असेल तेव्हा फळी पायाखाली माशासारखी वळवळली असणार. मग घाबरून याने दोन्ही ट्रकचे नट असे आवळले होते की आतले बुश, म्हणजे दांड्याला आधार देणारे रबरी गोळे, चेपून बाहेर आले होते.

"हे आवळलंत की कुणाचा राग काढलात?"

"ढिलं असलं की थरथरतं ना, आई."

"थरथरता तुम्ही. तो बिचारा पायाखाली आहे, त्याला कशाला बोल लावता?"

बाईंनी पाना घेतला. मागचा ट्रक काढून त्याच्याखाली उलट्या बाजूने पाचर घातली, म्हणजे त्याचं वळणं निम्म्यावर आलं. पुढे मऊ बुश, मागे कडक. ट्रकचं टोक ज्या प्लास्टिकच्या वाटीत फिरतं ती वाटी नवी असूनही खुळखुळत होती, तीही बदलली. दहा मिनिटांत सगळं आवरलं.

"आई, मागची पाचर उलटी का लावली?"

"सुलटी लावली असती तर तुम्ही आडवे झाला असता."

हे काही उत्तर नव्हतं. पण मंडळी पुन्हा हसली आणि बाई आपल्या पाळीसाठी निघून गेल्या.

पुढचे तीन महिने असेच गेले. जावयाच्या बुटांचे तळ जाड होते, पायाला खालचं काही कळू न देणारे. बाई म्हणाल्या, फेकून द्या. तो फोनवरच्या कुठल्याशा गटातून शंकू चुकवायच्या अकरा युक्त्या उतरवून आणायचा. बाई म्हणाल्या, तो गट फेकून द्या. हातमोजे फेकून द्या. पिशवी तर आधी फेकून द्या. एकदा तो त्यांना घरी सोडायला आला, तेव्हा गाडीच्या दारातून कुईं असा आवाज आला. बाई म्हणाल्या, फेकून द्या ही गाडी. जावई पुढच्या रविवारी पुन्हा यायचा, वीस मिनिटं उशिरा, आणि शिकवलेलं नसताना कसंबसं शिकत राहायचा.

मग एका संध्याकाळी तो एकटाच सराव करत होता आणि पदपथाच्या कडेवर जाऊन आदळला. त्याला लागलं नाही, पण पुढच्या ट्रकच्या दांड्याला चाकाजवळ भेग गेली. उतारावरच्या मंडळींच्या क्लबची वार्षिक शर्यत आठ दिवसांवर होती. ट्रक बाईंना दाखवायचा म्हणजे बोलणी खायची, तीही दहा जणांसमोर. त्यापेक्षा त्याने गुपचूप खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या एका माणसाकडून भेग वेल्ड करून घेतली. वरून काळा रंग मारला. तरी मनात कुठेतरी चुटपुट राहिली असावी, कारण शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी तो ट्रक फडक्यात गुंडाळून बाईंच्या दुकानात गेला.

बाई हातातली काच यंत्रातून काढत होत्या. त्यांनी फडकं उलगडलं. नव्या रंगाचा वास आला. त्यांनी ट्रक दिव्याखाली धरला, अंगठ्याचं नख त्या जागेवरून फिरवलं आणि त्यांना सगळं कळलं. ॲल्युमिनियमला अशी आच दिली की वेल्डिंगच्या जोडाच्या शेजारचा धातू मेणासारखा मऊ पडतो. आणि भेग जोडाखाली संपत नव्हती. केसाएवढी बारीक होऊन पलीकडे निघाली होती, नखाला लागत होती.

"एका माणसाने करून दिलंय, आई. तो म्हणाला, आता मूळच्यापेक्षा मजबूत झालंय."

"तो उभा राहणार आहे का उद्या यावर?"

"नाही, पण त्याचं म्हणणं..."

"फेकून द्या."

"बाहेरून बघितलं तर काही..."

"जावईबापू, फेकून द्या म्हटलं ना."

तेवढ्यात पुढच्या काउंटरवर एक गिऱ्हाईक आलं. दूरचं आणि जवळचं एकाच काचेत बसवलेला चष्मा त्याला काही केल्या जमत नव्हता. बाई उठून गेल्या. मान कशी धरायची, पायरी उतरताना काचेच्या कोणत्या भागातून बघायचं, पहिले चार दिवस गरगरलं तरी का सोडायचं नाही, हे त्यांनी त्या परक्या माणसाला पाव तास नीट समजावलं. एकदा कागदावर चित्रही काढून दाखवलं. परत आल्या तेव्हा जावई निघून गेला होता, ट्रक घेऊन. त्याने तो टाकला असणार असं धरून बाई कामाला लागल्या.

शर्यतीच्या दिवशी बाईंची पाळी लवकर झाली. दुसऱ्या आल्या. मग वेळ मोजायचं घड्याळ घेऊन त्या खाली, शेवटच्या रेषेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. वरून एकेक जण उतरत होता आणि बाई एकेकाला मनातल्या मनात सोलत होत्या. एक जण हात असे पसरायचा जणू कपडे वाळत घालतोय. दुसऱ्याने नवं कोरं सामान लावून चार शंकू उडवले आणि वाऱ्याला दोष दिला.

आठवा जावई. सुरुवातीचा उतार त्याने सावरून घेतला. पहिला शंकू, दुसरा, तिसरा. गुडघे मोकळे होते, खांदे सैल होते. या वेळी त्याने नट आवळलेले नव्हते, हे बाईंना खालूनही दिसलं. बरा उतरतोय की, असं त्यांच्या मनात आलं.

सहाव्या शंकूला फळीचं नाक खाली बसलं. पुढचं एक चाक एकटंच घरंगळत गटाराकडे गेलं. फळी जागच्या जागी थांबली आणि जावई थांबला नाही.

बाई धावत वर पोचल्या तेव्हा तो डांबरावर उताणा पडला होता. चेहरा पांढराफटक, एक हात छातीशी धरलेला. बाईंच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं.

"फेकून द्या म्हटलं होतं मी."

"हो आई," तो म्हणाला.

गळ्याखालचं हाड मोडलं होतं. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती, तिथून तशीच पांढऱ्या कोटात दवाखान्यात आली. नवऱ्याला बघितलं, हाडाचा एक्स-रे बघितला, मग आईकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

"सांगितलं होतं त्यांना. नाही ऐकलं."

"आईंनी सांगितलं होतं," जावई म्हणाला. गोळीमुळे त्याची जीभ जड झाली होती, पण आवाजात तक्रार नव्हती. "फेकून द्या म्हणाल्या होत्या. पण आई माझे बूटही फेकून द्या म्हणतात. हातमोजे, पिशवी, गाडीसुद्धा. मला वाटलं, त्यातलंच हे एक."

पलीकडच्या पडद्यामागे कुणीतरी खोकलं.

"का फेकायचं ते सांगितलं होतंस?" लेकीने विचारलं.

बाईंकडे उत्तर तयार होतं. चांगलं धारदार होतं. जाळीवाल्याकडे ट्रक नेणाऱ्याला कारण सांगून काय कळणार, असं काहीतरी. पण ते ऐकायला तिथे कुणी थांबलं नव्हतं. लेक नवऱ्याची उशी सारखी करायला लागली होती.

सोमवारी बाईंनी मोडलेले दोन तुकडे दुकानात नेऊन भिंगाखाली धरले. सगळं त्यांना अपेक्षित होतं तसंच होतं, आणि त्याचं त्यांना जराही समाधान वाटलं नाही. एकतीस वर्षांत या उतारावरच्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी मूर्ख म्हटलं होतं. त्या दिवशी दुपारभर त्या मुकाट्याने काचा घासत राहिल्या आणि तो शब्द स्वतःला लावून बघत राहिल्या. चांगला बसत होता.

पुढच्या रविवारी त्या उतारावर गेल्या नाहीत. तुकडे आणि भिंग घेऊन लेकीच्या घरी गेल्या. जावई सोफ्यावर हात गळ्यात बांधून बसला होता.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "काळपट भाग दिसतो ना? तेवढं आधीच तुटलेलं होतं. वरून जोड दिला, आत तसंच राहिलं. आणि हा चकचकीत भाग गेल्या रविवारी तुटला. एवढ्यावर तुम्ही उभे होता."

तो भाग त्याच्या करंगळीच्या नखापेक्षा लहान होता. जावई बराच वेळ भिंगातून बघत राहिला.

"हे आदल्या दिवशी सांगितलं असतंत तर मी चढलो नसतो."

"माहीत आहे. चुकलं माझं." बाईंनी भिंग डबीत घातलं. डबी लागेना, पुन्हा उघडून लावली. "तुमचंही चुकलं. जाळीवाल्याकडे कसले जाता?"

"तुमच्याकडे यायची भीती वाटली, आई."

बाईंनी मान हलवली.

त्यानंतर त्या दर आठवड्याला येऊ लागल्या. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून नवा दांडा, नवे बुश, वाट्या, वॉशर मांडायच्या.

"बुश वजन बघून घ्यायचे. तुमचं किती?"

"ब्याऐंशी," जावई म्हणाला.

"एक्क्याण्णव," आतून लेक म्हणाली.

बाईंनी मऊ बुश बाजूला सारले. नट किती फिरवायचा, बुश फुगायला लागला की का थांबायचं, दांड्याला खुळखुळ असेल तर पातळ वॉशर कुठे घालायचा, हे सगळं त्यांनी सांगितलं. सांगताना दर दोन वाक्यांमागे एक टोमणा येत होता, सवय जायची नाही. पण टोमण्याच्या मागून कारणही येत होतं.

एकदा जावई मागचा ट्रक हातात फिरवून बघत म्हणाला, "म्हणजे मागचा ट्रकही पुढच्याइतकाच वळला, तर मी झुकून जो जोर लावतो तो फळीला पुढे ढकलणार नाही. मागची चाकंच बाजूला पळून जातील. म्हणून पाचर उलटी."

बाई थबकल्या. हे त्यांच्या पायांना एकतीस वर्षं माहीत होतं, पण इतक्या सरळ शब्दांत त्यांनी कधी मांडलं नव्हतं. वेळेचं नियोजन शिकवणाऱ्याकडून ते ऐकावं लागलं याचा त्यांना थोडा रागच आला.

"साधारण तसंच," त्या म्हणाल्या. "पाना द्या इकडे."

हाड जुळायला आणि डॉक्टरांनी परवानगी द्यायला चार महिने लागले. जावई उतारावर परत आला तो वेळेवर आला, पिशवी मात्र तीच होती. बाईंनी त्याचा पुढचा ट्रक स्वतः तपासला आणि पाना त्याच्याच हातात देऊन नट त्याच्याकडून लावून घेतला. मग त्या घड्याळ घेऊन खाली गेल्या. तिथे उभं राहिल्यावर त्यांच्या तळहाताला घाम सुटला. हात पाठीमागे नेऊन त्यांनी तो पुसला.

तो सगळे शंकू पार करून खाली आला. एकही उडाला नाही, कारण तो इतका हळू होता की शंकू त्याला वाट देऊ शकले असते. बाईंनी घड्याळ त्याच्यासमोर धरलं.

"एवढ्या वेळात मी उतरून, पाणी पिऊन परत वर गेले असते."

"कुठे कमी पडलो, आई?"

"चला, वर जाता जाता सांगते."

आणि बाई चढावर सांगत राहिल्या. चौथ्या शंकूपासून त्याची नजर पायाशी होती, ती दोन शंकू पुढे हवी. वळण सुरू करायला उशीर होत होता, म्हणून ते संपतही उशिरा होतं. डाव्या बाजूला झुकताना तो मोडलेल्या हाडाकडचा खांदा जपत होता, ते साहजिक होतं, पण फळीला ते कळत नाही. वर पोचल्यावरही त्यांचं सांगणं संपलं नव्हतं, म्हणून त्यांनी रांगेतल्या मागच्या दोघांना आपल्या आधी जाऊ दिलं.