राजाच्या पानाने घातलेला घोळ

मी चौथीचं वाचनपुस्तक बोलतोय. जव्हार संस्थानच्या शाळेसाठी छापला गेलो, म्हणून माझ्या पहिल्या पानावर राजेसाहेबांची स्तुती आहे. पुढे संस्थान विलीन झालं आणि नव्या छपाईत ते पान गळलं. स्तुतीवाचून कोणाचं अडलं नाही. अडलं ते कमूचं.

कमू पोशेऱ्याची, तिची मैत्रीण झरीना जव्हारची. कमूचं लग्न ठरत होतं, आणि तिला व्हायचं होतं मास्तरीण. जव्हारच्या शाळेत मास्तरणींची निवड कधी आहे ते झरीना आकड्यांत कळवणार होती : पान, ओळ, शब्द. तिचा भाऊ युसुफ बांगड्या विकायला येई, तो चिठ्ठी आणणार.

गुपिताची किल्ली म्हणून माझी नेमणूक झाली. ही किल्ली कुठल्याही दुकानात मिळते, एवढंच दोघींच्या लक्षात आलं नाही. शिवाय चिठ्ठी आली की कमू मला उघडते, हे घरातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

त्यात झरीनाची जुनी प्रत वाळवीने खाल्ली. तिने नव्या छपाईची घेतली, कमूला कळवायचं राहिलं. चिठ्ठी आली. कमूने शब्द जुळवले : ‘मिठात उंट पोहतो.’ तिला रडू फुटलं.

स्थळ आणणारी गोजाआत्या तेव्हा प्रौढवर्गात नव्या छपाईवर शिकत होती. तिने चिठ्ठी हिसकावली, आपलं पुस्तक काढलं, बोट ठेवत वाचलं, “सोम-वारी... शाळेत... ये.”

किल्लीच्या धनिणीला कुलूप उघडेना, आणि आत्यापुढे कुलूपच उरलं नाही!

“कमे, मला येडी समजतंस?”

“आत्ये, बाबाला नको सांगू. कोंडून ठेवील.”

“तुज्या पुस्तकात राजा हाय, माज्यात न्हाय, पानं एकानं सरकली. म्हणून तुजा उंट मिठात पोहतो.”

कमू मला छातीशी धरून पुन्हा रडू लागली.

“रडतंस काय? स्थळ मी आणलं, मीच मोडीन. मला या वयात अक्षर कळाय लागलं. तू कशाला थांबतंस?”

सोमवारी आत्याच तिला जव्हारला घेऊन गेली. घरी सांगितलं, बांगड्या भरायला चाललो.

हल्ली मी खोडाळ्याला, कमूबाईंच्या शाळेत असतो. पाठीला खळ लावलेली, कोपरे झिजलेले. एक विनंती : गुपित राखायचं असेल तर माझ्यावर विसंबू नका. गावात आणखी एक माणूस वाचायला शिकला की मी फितूर झालोच. आणि कमूबाई तर दर वर्षी वर्गच्या वर्ग शिकवून सोडतात.