पाव गोळी

साखरा गावच्या शकुबाईला कळपातल्या एकूण एक कोकराची आई तोंडपाठ होती. संध्याकाळी मेंढ्या चरून आल्या, की ती डालग्याखालून एकेक कोकरू उचलायची आणि बराबर त्याच्याच आईच्या कासेला लावायची. परक्या पिलाला मेंढी झटकून देते, मग ते उपाशी राहतं. घरात हे काम दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

मग लेक पुनम बाळंतपणात गेली. शकुबाई तीन महिने रडली. आईनं रडू नये तर काय करावं? पण नवरा संतराम घाबरला आणि तिला जवळच्याच गोरेगावच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथलं भिंतीवरचं घड्याळ औषध कंपनीचं, टेबलावरचं पेन कंपनीचं, आणि कंपनीचा बॅगवाला रांग सोडून सगळ्यांच्या आधी आत. दोन मिनिटांत गोळी लिहून झाली. लेकीचं नावसुद्धा डॉक्टरनं विचारलं नाही.

गोळीनं रडू थांबलं, हे खरं. पण त्याबरोबर बाकीचंही थांबलं. एका संध्याकाळी कोकरू हातात घेऊन ती नुसतीच उभी राहिली. हे कुणाचं? काही केल्या आठवेना. त्या आठवड्यात भुकेनं दोन कोकरं मेली.

तिनं गोळी बंद करून टाकली. चौथ्या दिवशी हात थरथरायला लागले, डोळ्याला डोळा लागेना.

"बघ, बिमारी उलटली तुझी," संतराम म्हणाला. डॉक्टरही तेच म्हणाला. गोळी सुटल्यानंही असं होतं, हे त्या शहाण्यानं सांगितलं नाही. तेव्हापासून संतराम समोर उभा राहून गोळी गिळायला लावायचा. तेही मायेनं, म्हणून तर तिला भांडता येईना.

शकुबाईनं मग आपल्या धंद्यातली अक्कल लावली. कोकराचं दूध कुणी एकदम तोडत नाही. एक वेळ कमी करायची, मग एक दिवस आड पाजायचं. महिनाभरानं संतरामची नजर सैल झाली, तेव्हा लोकर कातरायच्या कातरीनं ती गोळीचा कोपरा उडवायला लागली. पुढं अर्धी. मग पाव. डोकं हळूहळू मोकळं झालं, आणि एका संध्याकाळी नव्या वेताची सगळी कोकरं तिनं न चुकता लावली. शेवटचं लावून झाल्यावर ती पुनमसाठी पोटभर रडली. तिला फार बरं वाटलं.

रडणं संतरामनं पाहिलं नाही. कोकरं तेवढी पाहिली, आणि हरखून दुसऱ्याच दिवशी तो तिला घेऊन गोरेगावला गेला.

"डाक्टरसाहेब, तुमच्या गोळीनं लई गुण आला!"

बॅगवाला तिथंच बसला होता. त्यानं हसून टेबलावर एक नवी डबी सरकवली.

"छान," डॉक्टर म्हणाला. "आता रोजच्या गोळीची कटकट नको. ही सुई महिन्यातून एकदाच."

शकुबाईनं डबी उचलून उलटसुलट पाहिली. सुईची पाव कशी करणार?

"साहेब," ती म्हणाली, "म्या गोळी कातरून कातरून पाववर आणली. म्हणून बरी झाले."

डॉक्टरनं तिच्याकडे नाही, संतरामकडे पाहिलं. "बघा, मनानंच गोळी कमी करतात. अशांसाठीच तर ही सुई आहे."

बॅगवाल्यानं मान डोलावली. संतरामनं तिचा दंड धरला, मेंढीला लस टोचताना धरतो तसा घट्ट. "जरा दम धर, शकू. तुझ्याच भल्याचं हाय."

परतीच्या जीपमध्ये टोचलेला दंड चोळत ती घाईघाईनं बोलायला लागली.

"ध्यानात ठेवा. पांढऱ्या पायाचं कोकरू कानफाटीचं. दोन तांबडी जुळी लंगडीची. कपाळावर ठिपका हाय ते भुरीचं..."

"मला काहून सांगून राहिली?"

तिनं सगळी सांगून संपवली. मग म्हणाली, "आन् पुनमसाठी आता तुमीच रडा. मला जमायचं न्हाई."