चिमाजीच्या बांधावरून

फोन-नेटची जुनी लाईन काढून फायबर घ्यायचं ठरलं, तेव्हा प्रश्न विचारून विचारून मी लाईनमन मोहितला हैराण केलं. नव्या मोडेमच्या डब्याला आमचा जुना फोन चालेल का? ऑफिसचा लॅपटॉप? लाईट गेली तर डबा इन्व्हर्टरवर तग धरेल का? दरवेळी तो म्हणायचा, सगळं चालतंय ताई. मग मी शहाणी अर्ज करून बसले.

माझी नोकरी त्या लाईनवर होती. पुण्यातल्या एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी मी येडगावातल्या आमच्या माजघरात बसून ऐकायचे. लग्न ठरतानाच मी सांगितलं होतं, खुरपं हातात धरणार नाही, नोकरी करीन. आमचं घर कालव्याखाली खोलगटात, मोबाईलला रेंज नाही. जुनी तांब्याची लाईन रडतखडत चालायची. नेट सुधारा, नाहीतर काम बंद, असं कंपनीनं बजावलं होतं.

जुनी लाईन तोडली आणि मोहित नवी वायर घेऊन आला. रस्त्यावरचा खांब आणि आमचं घर यांच्यामध्ये चिमाजीचं वावर आहे. चिमाजी म्हणजे सासऱ्यांचा चुलतभाऊ. तांब्याची तार त्याच वावराखालून आली होती, पण ती दोन्ही घरांची चूल एक होती तेव्हा. आता विहिरीवरून कोर्टात केस चालू आहे. चिमाजी बांधावर येऊन उभा राहिला, वायर वावरावरून नेऊ देणार नाही म्हणाला. दुसऱ्या बाजूला कालवा, तिकडून वायर आणायची सोय नाही.

मग जुनीच लाईन परत जोड, असं मी मोहितला म्हटलं. एक्स्चेंजमधली जुनी मशीनच काढून टाकली, आता कुणालाच मिळत नाही, असं तो खाली बघत म्हणाला. वायरचं भेंडोळं खांबाला टांगून तो निघून गेला. डब्याची, फोनची, लॅपटॉपची चौकशी केली होती मी, भावकीची तेवढी राहिली.

सासरे, म्हणजे सोपानमामा, चिमाजीचं तोंड बघत नाहीत. तरी माझ्यासाठी धुतलेली टोपी घालून त्याच्या दारात गेले. त्यांना बांध ओलांडताना बघून मला रडूच आलं. परतले ते टोपी काढून ओट्यावर बसले.

"केस मागं घे म्हन्तोय," ते म्हणाले. "इहीर सोड म्हन्तोय. पोरी, तुजी नोकरी ऱ्हाईल, पर मंग आपन पिकवायचं काय?"

मला भांडायचं होतं. पण घर विहिरीवर जगतं, माझ्या पगारावर नाही, हे मलाही कळत होतं. लॅपटॉप कुरिअरनं परत गेला. आता मी टोमॅटो तोडायला जाते. खुरपंही धरते. सुदर्शन, माझा नवरा, त्याबद्दल चकार शब्द काढत नाही आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

परवा चिमाजीनं खांबावरचं ते भेंडोळं उतरवून स्वतःच्या घरात कनेक्शन घेतलं. त्याचं घर बांधाला लागूनच. संध्याकाळी भाकरी थापताना माझ्या मोबाईलवर त्याच्या आडनावाचं, म्हणजे आमच्याच आडनावाचं, वायफाय दिसलं. पुढे पासवर्डचं कुलूप.

मोबाईलचा उजेड बघून मामा दारात आले. "आलं का गं नेट?" त्यांनी आशेनं विचारलं.

"आलंय, मामा," मी म्हटलं. कुणाला न विचारता बांध ओलांडून ते थेट माझ्या चुलीपर्यंत आलं होतं. मी मोबाईल पालथा ठेवला आणि पुढची भाकरी थापायला घेतली.