एकाहत्तर दाब

माझं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या अंगठ्याखाली गेलं, त्यामुळे लांबलचक बोलायची सवय मला नाही. मला येतं ते एवढंच: टक्. मी फोनचं बटण आहे. काचेच्या खाली, मधोमध बसलेलं, गोल, बोटाच्या पेराहून लहान. माझ्या जातीचं पुढं काय होणार यावर एवढी माणसं एवढं बोलतात, तर माझी बाजूही एकदा सांगून टाकावी म्हणतो.

माझा जन्म एका लांबट हॉलमध्ये झाला. एका ट्रेमध्ये आम्ही एकशे वीस जण होतो. प्रत्येकाच्या पोटाखाली पोलादाची एक पातळ, फुगीर टिकली. दाबलं की ती आत वाकते, सोडलं की उसळते. ती टक् तिचीच. वरची गोल चकती म्हणजे नुसता चेहरा.

हॉलच्या टोकाला बटण कक्ष होता. तिथं लोखंडाचा एक अंगठा होता, टोकाला रबराचं टोपण घातलेला. सेकंदाला दोन दाब, एकूण चार लाख. माझ्या ट्रेमधले तिघं त्याच्याखाली गेले. त्यातला एक तीन लाख ऐंशी हजाराला खाली बसला तो पुन्हा वर आलाच नाही.

या कक्षाच्या प्रमुख बाई पन्नाशीला टेकलेल्या. मागं सगळे त्यांना टकटकबाई म्हणत, तोंडावर मॅडम. त्या बटण डोळ्यांनी तपासत नसत. कानाजवळ धरून दाबत, आणि टिकलीत केसाएवढा जरी दोष असला तरी त्यांना ऐकू येई. नोंदीचा तक्ता त्यांनी स्वतः आखला होता. वेळ, दाब, एकूण, असे तीन रकाने. दाब पडला की एक रेघ. लोखंडी अंगठा उगाच दाबत नाही, तेव्हा दाबलं म्हणजे चाललं, असं त्या तक्त्याचं साधं शास्त्र. खाली बारीक अक्षरात नियम: चाचणी चालू असताना आत जायचं नाही, आवाज द्यायचा नाही, आणि चाचणी झाल्यावर तक्त्यात रकाना वाढवायचा नाही. चौदा वर्षं त्यात कुणी काना-मात्रा बदलली नव्हती.

बाईंनी मला ट्रेमधून निवडलं, ते त्यांच्या वडिलांसाठी.

बाबा लिफ्टमन होते. अकरा मजल्यांच्या इमारतीत चाळीस वर्षं त्यांनी बटणं दाबली. मग एके दिवशी उजवं अंग गेलं. नजरही मंदावली. समोरचा माणूस ओळखू येई, अक्षरं येत नसत. धडधाकट राहिला तो डावा अंगठा, तोही थोडा कापरा. त्यांच्या फोनचं जुनं बटण ढिलं झालं होतं. बाईंनी ते काढून तिथं मला बसवलं, आणि फोन दोरीत ओवून बाबांच्या गळ्यात घातला.

"बाबा, हे दाबून धरायचं. पाच मोजायचे. मला फोन लागतो."

"लागल्यावर काय?"

"मी येते."

"किती मजले?"

"वीस मिनिटं."

"मग जरा आधीच दाबत जाईन."

घरात दोघंच. बाई आठला निघत, साडेसहाला परतत. मधल्या वेळात बाबांचा आणि जगाचा जो काही संबंध होता, तो माझ्यातून जाई. काठी पलंगाखाली गेली, दाबलं. छातीत कळ आली, दाबलं. बाथरूमला जायचंय आणि पाय उचलत नाही, दाबलं. एकदा तर ऊन सरकत खुर्चीवर आलं म्हणून दाबलं. प्रत्येक वेळी बाई आल्या. ओरडत आल्या, पण आल्या. दोन वर्षांत अडतीस वेळा. त्यांच्या वहीत तारीख, वेळ आणि कारण लिहिलेलं आहे.

मग अंदाजांचे दिवस आले. पुढच्या फोनला बटणच नसेल, अशी कुजबुज आधी ऑफिसात चहाच्या टेबलाशी झाली आणि मग छापून यायला लागली. कुणी लिही, फोन पाठीवर थोपटला की जागा होईल. कुणी लिही, नुसतं बघितलं तरी पुरे. एकानं चित्रच काढलं: या कडेपासून त्या कडेपर्यंत काच, आणि खाली टीप की बटण काढल्यानं आणखी दीड बोट चित्र मावेल. दीड बोट. मी किती जागा अडवून बसलोय ते मला तेव्हा कळलं.

बाईंनी ते बाबांना वाचून दाखवलं.

"मग लिफ्टलाही नसतील बटणं," बाबा म्हणाले. "माणसं भिंतीवर हात फिरवत उभी राहतील, आणि कुणाला कुठं न्यायचं ते लिफ्ट ठरवेल."

"हसू नका. हा फोन जुना आहे. उद्या बिघडला तर सुटा भाग मिळायचा नाही. दुसरा घ्यावा तर तो बिनबटणाचा. मग मला बोलवाल कसं?"

"मग तू घरी बस. मी तुला बटणाशिवाय हाक मारतो."

बाई हसल्या नाहीत.

ऑफिसात नव्या फोनचं काम एका साहेबांकडे होतं. सगळं काचेचं करायचा ध्यास म्हणून लोक त्यांना काचसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवला नाही त्यांनी. त्यांच्याशी काय बोलणं झालं ते बाईंनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, म्हणून मला माहीत.

"मॅडम, चाळीस जणांच्या हातात कोरा नमुना दिला. एकानंही बटण मागितलं नाही."

"चाळीसही आपल्याच इमारतीतले, सर. पंचविशीतले."

"मग तुम्ही आणा तुमच्या पसंतीचा माणूस. आणि चाचणी तुमच्याच तक्त्यावर घेऊ, म्हणजे नंतर वाद नको."

बाईंना ही संधी वाटली. काचेपलीकडून एकदा बाबांची धडपड पाहिली की साहेबांचं मन फिरेल, बटण राहील, आणि बाबांची सोय राहील, असा त्यांचा हिशेब.

"उद्या माझ्या ऑफिसात यायचंय, बाबा. दहा मिनिटांचं काम. नेहमीसारखं मला फोन करून बोलवायचं."

"तू तिथंच असणार, मग बोलवायचं कशाला?"

"तुम्हाला जमत नाही, हे त्यांना दिसायला हवं."

बाबा म्हणाले, "जमत नाही हे दाखवायला नवा शर्ट घालायचा की जुना चालेल?"

चाचणीच्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीत मोठी काच होती. आतल्या माणसाला ती आरसा दिसते. पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून मात्र आरपार दिसतं, आणि ऐकूही येतं. टेबलाखाली तारा होत्या, म्हणून बाबांची काठी दाराबाहेर ठेवली. त्यांच्यापुढं बटण नसलेला कोरा नमुना ठेवला, आणि माझा फोन त्यांच्या गळ्यातून काढून पलीकडच्या खोलीत, बाईंच्या पुढ्यात ठेवला. बाईंच्या एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात त्यांचा फोन. शेजारी काचसाहेब.

सूचना एकदाच द्यायची असते. ती दिली: खालच्या कडेवरून बोट वर सरकवा आणि मुलीला फोन लावा.

बाबांनी अंगठा माझ्या जागी ठेवला. तिथं मी नव्हतो. त्यांनी काच दाबली आणि मोठ्यानं मोजलं, "एक, दोन, तीन, चार, पाच." थोडं बाजूला सरकून पुन्हा मोजलं. मग वर सरकवून पाहिलं, पण कापरा अंगठा तिरका गेला.

"लिफ्ट अडकली वाटतं," ते आरशाला म्हणाले. काचसाहेब हसले. बाईही किंचित हसल्या.

पाचव्या मिनिटाला बाबांनी डावा गुडघा उजव्यावर दाबून धरला. ही खूण त्या घरात दोघांनाच कळते, बाईंना आणि मला.

"पोरी, मला जायचंय," बाबा म्हणाले. मोजणं थांबलं होतं. अंगठा आता भराभर पडत होता, काचेवर मिळेल तिथं.

काचसाहेबांनी विचारलं, "थांबवायचं का, मॅडम?"

बाईंनी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं चाळीस सेकंद उरले होते. "नको. मध्येच थांबवलं तर चाचणी बाद होईल. होऊ दे पूर्ण."

मी त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होतो. त्या मनात काय म्हणत होत्या ते मला समजत होतं. जेवढं वाईट होईल तेवढं बरं, म्हणजे पुरावा पक्का होईल.

बाबांनी टेबलाला रेटून उठायचा प्रयत्न केला. अर्धवट उठले आणि परत बसले. आठव्या मिनिटाला त्यांची पँट ओली झाली. पाणी खुर्चीच्या पायावरून खाली आलं. तरी त्यांचा अंगठा चालू होता. आता तो काही मागत नव्हता, नुसता पडत होता, बटण कक्षातल्या त्या लोखंडी अंगठ्यासारखा.

घंटा झाली. कुणीतरी आमच्या खोलीतला दिवा लावला आणि आरशाची काच झाली. बाबांना मुलगी दिसली. दोन हातांवर, खुर्चीत बसलेली, हातात पेन्सिल.

बाई धावत आत गेल्या. अंगातला कोट काढून त्यांनी बाबांच्या कमरेला गुंडाळला. "झालं, बाबा. झालं. छान केलंत."

"तू इथंच होतीस?"

"हो. चाचणी होती ना."

"बरं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निकाल आला; तोही बाईंनी घरी येऊन सांगितला. नमुन्याच्या तारांनी प्रत्येक स्पर्श मोजला होता. काचसाहेबांनी कागद बाईंपुढे सरकवला. त्यांना मनापासून आनंद झाला होता.

"बाकीच्यांनी दहा मिनिटांत सरासरी नऊ वेळा काच वापरली. तुमच्या वडिलांनी एकाहत्तर वेळा. एवढ्या उत्साहानं कुणीच वापरली नाही, मॅडम."

"सर, ते बटण शोधत होते."

"असेल. पण तक्त्यात तसा रकाना कुठंय?"

"वाढवता येईल."

"चाचणी झाल्यावर? नियम तुमचाच आहे."

"फोन एकदाही लागला नाही, ते तरी बघा."

"बटणांच्या चाचण्यांत तुम्ही कधी फोन लागला का ते लिहिलंय? दाब पडला की रेघ." त्यांनी कागदाची घडी घातली. "मी तुमच्या पद्धतीचा आदरच करतोय."

चौदा वर्षांत बाईंनी रबराचा अंगठाच मोजला होता. माणूस घाबरूनही दाबतो, हे त्यांच्या तक्त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते शिकवायचं काम त्यांचंच होतं.

बटण गेलं. नव्या फोनच्या जाहिरातीत एक ओळ आली: आमच्या सर्वांत वयस्क वापरकर्त्यानं पहिल्या दहा मिनिटांत काच एकाहत्तर वेळा वापरली. बटण कक्षाला कुलूप लागलं. बाईंना काचेवरचे ओरखडे मोजायला बसवलं.

घरी आल्यापासून बाबांनी मला दाबलं नाही. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. अडतिसाव्या नोंदीनंतर वही कोरी. बाईंनी त्या कोऱ्या पानावर लिहिलं: बाबांची तब्येत सुधारतेय. मात्र रोज संध्याकाळी घरी आल्या की त्या मला स्वतः दाबत. पाच मोजत. दुसऱ्या हातातला त्यांचा फोन वाजे. "चालतंय," त्या म्हणत आणि स्वयंपाकाला लागत.

मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, बाबा बाथरूमच्या दारात पडले. फोन गळ्यात होता. चाळीस वर्षांच्या सवयीनं अंगठा आपोआप माझ्यावर आला. मी वाट पाहिली. नुसत्या टेकलेल्या अंगठ्यानं टिकली वाकत नाही, थोडा जोर लागतो, आणि तेवढा जोर त्यांच्यात होता. मला माहीत आहे, मी त्याच्याखाली होतो. त्यांनी अंगठा उचलला, हात गालाखाली घेतला आणि डोळे मिटले.

साडेसहाला बाई आल्या. रुग्णवाहिका येईपर्यंत बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

"बाबा, फोन गळ्यातच होता. दाबलं का नाही?"

बाबांच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं ते म्हणाले, "म्हटलं, बघत असशील."

खुब्याचं हाड मोडलं होतं. आता ते अंथरुणावरच असतात. पुढच्या आठवड्यात ऑफिसकडून नवा फोन येणार आहे, कडेपासून कडेपर्यंत काच. मला काढून ड्रॉवरमध्ये ठेवतील. त्याचं दुःख नाही. टिकली शाबूत असताना निवृत्त होणारी बटणं थोडी. जाण्याआधी बाईंना एकच सांगणं आहे. मी चालतो. माझ्यात दोष नाही. मला तपासणं सोडा आणि तो वेळ त्यांच्या उशाशी घालवा.

पण बटणाचं कोण ऐकतं. आजही त्या आल्या, चपला काढल्या, टेबलावरचा बाबांचा फोन उचलून मला दाबलं, पाच मोजले. दुसऱ्या हातातला त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला.

"बाबा, येतंय का ऐकू?"

बाबा तीन हातांवर, भिंतीकडे तोंड करून पडले होते. फोनमधूनही आणि खोलीतूनही, एकाच वेळी, मुलीचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी उत्तर दिलं नाही.

"चालतंय," बाई म्हणाल्या.