संगणकातली उंदरीण आणि तिळगुळाचा कण

मित्रांनो, मी एक म्हातारी पांढरी उंदरीण आहे. वय दीड वर्ष. हसू नका, आमच्यात तेवढ्यात पणजी होता येतं. माझा जन्म बडोद्यात, गोरव्याच्या एका प्रयोगशाळेत, पिंजऱ्यातच झाला. मांजर मी कधी पाहिलेलं नाही. मला भीती वाटते ती हातमोज्यांची.

समोरच्या संगणकात माझ्यासारखीच एक उंदरीण राहते, नुसत्या आकड्यांची. इथली संशोधक देवश्रीताई तिला मधुमेह देते. ती झिजते, मरते आणि बटण दाबलं की पुन्हा उठते. मला तसं उठता येत नाही. म्हणूनच तर ताईने तिला घडवलं. तिचे आकडे आमच्या रक्तातल्या साखरेशी जुळले, तर आम्हा आठजणींना मधुमेहाची सुई टोचायची नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी, मानसिंगरावांनी, कबूल केलं होतं.

पडताळ्याचा दिवस नेमका संक्रांतीचा निघाला. रक्त द्यायचं म्हणून आम्ही सकाळपासून उपाशी. गच्च्यांवरून कुणाचा पतंग कापला की "काप्यो छे!" अशी आरोळी यायची आणि मी दचकायची. दुपारी ताई आली. रक्त घेऊन झालं असं समजून तिने डबा उघडला. "घ्या गं बायांनो, तिळगूळ घ्या, गोड बोला." प्रत्येकीला एकेक कण. इतकं गोड मी जन्मात खाल्लं नव्हतं.

मग आमचं रक्त घेणारा मयंकभाई आला, पतंग आटोपून, सुई घेऊन. साखर संगणकातल्या आकड्यांहून भलतीच चढलेली निघाली.

"बेन, तमारुं कम्प्युटर तो खोटुं!"

मानसिंगरावांनी चष्मा काढला. "देवश्री, लाड पुरे झाले. उद्यापासून खऱ्या उंदरांना टोचा."

खरं कारण मला ठाऊक होतं. पण सांगू कशी? मी नुसती जाळी कुरतडत राहिले.

ताईचे डोळे भरले होते. मयंकभाईने तिचा डबा ओढला. "चिक्की छे?"

"तिळगूळ आहे. घे, सगळ्यांना देऊन उरलाय."

"सगळ्यांना? आज सुट्टी. इथे आहे कोण?"

ताईने आमच्याकडे बोट दाखवलं, आणि ते बोट तसंच हवेत राहिलं.

"अगं, उपाशी उंदरांना तिळगूळ?" मानसिंगराव ओरडले.

"मला वाटलं, याने सकाळीच रक्त घेतलं!"

"उत्तरायणाला? सकाळी? तेव्हा तर मी पतंग उडवत होतो!" मयंकभाई म्हणाला.

दोन दिवसांनी आम्हाला पुन्हा उपाशी ठेवलं, पुन्हा रक्त घेतलं. या वेळी आकडे जुळले. आम्ही आठहीजणी वाचलो. पण दार वाजलं की मी अजून थरथरते.

मित्रांनो, आम्हाला जीव लावा, जरूर लावा. पण काय खाऊ घातलंत, ते लगेच बोलून टाका. आम्हाला काही सांगता येत नाही, आणि तुमच्या गप्प राहण्याची सुई आमच्याच कातडीत शिरते.