आत माणसं असलेली डिस्क

इल्पोच्या पॅचमध्ये, म्हणजे त्याने कोडमध्ये केलेल्या दुरुस्तीत, चूक सापडत नव्हती, आणि तेच माझा जीव खात होतं.

काम तसं साधं. काही यंत्रं आकड्यांचे बाइट डावीकडून मांडतात, काही उजवीकडून. डिस्कवर क्रम एकच हवा, म्हणून डिस्क वाचणारा-लिहिणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, ते उलटवून घेतो. आमच्या ड्रायव्हरमधला हा भाग म्हणजे वर्षानुवर्षांचा उकिरडा. इल्पोने तो उपसून चार नेटक्या ओळी ठेवल्या होत्या. तपासणारी मी. खाली माझं नाव पडलं की आज पाचच्या आत आमचा प्रमुख वेइको तो मुख्य कोडमध्ये घेणार, आणि मग तो जगभर जाणार.

"काइसू, अजून किती चिवडणार?" इल्पोने माझ्यापुढे कॉफी आणि वेलदोड्याचा बन ठेवला. "सगळ्या चाचण्या पास झाल्यात. उलट्या क्रमाच्या मशीनवरसुद्धा."

"डिस्क कुठली लावली होतीस?"

"नवी कोरी. मग काय, आजोबांची लावू? साप साप म्हणून भुई धोपटतेयस नुसती."

मी उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. बन तसाच राहिला. जुना कोड पुन्हा उघडला, आणि आता दिसलं. उलट्या क्रमाच्या मशीनवर लिहिताना बाइट एकदा जास्त उलटत होते आणि वाचताना पुन्हा एकदा. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या. म्हणजे तिथे लिहिलेली प्रत्येक जुनी डिस्क चुकीच्याच क्रमात होती, आणि इल्पोच्या शहाण्या ड्रायव्हरला ती वाचताच येणार नव्हती.

"असली डिस्क आता कोणाकडे असणार? भुताकडे?" इल्पो म्हणाला.

"हेल्मीमावशीकडे," मी म्हटलं.

मावशी फिनलंडच्या किनाऱ्यावर, कोत्काजवळच्या बेटावर राहते. शिक्षिका होती. बेटांवरच्या म्हाताऱ्या कोळ्यांचे आवाज तिने जन्मभर गोळा केले; त्यांतलं आज कोणीही जिवंत नाही. सगळं तिच्या जुनाट, उलट्या क्रमाच्या मशीनच्या डिस्कवर. खऱ्या वापरात पॅच कसा चालतो ते बघावं म्हणून दुपारी मीच तिकडे दुरून नवा ड्रायव्हर चढवला होता. आधी कॉपीची डिस्क लाव, मगच चालू कर, असं बजावलंही होतं.

मी फोन लावला. इल्पोला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"मावशी, मशीन चालू केलंस?"

"केलं की. पण तुझी ती कॉपीची डिस्क खाचेत बसेचना. मग मूळचीच लावली."

इल्पो फोनवर वाकला.

"पडद्यावर काय दिसतंय?"

"विचारत होतं, डिस्क रिकामी आहे, नव्याने तयार करू का? हो की नाही."

"कशालाही हात लावू नकोस!"

"ओरडतेस काय अशी? दाबलं मघाशीच."

इल्पो पांढराफटक पडला होता.

"काय... काय दाबलंस?"

"'नाही' असं दाबलं. रिकामी कशी असेल गं? सकाळीच तर हिच्यावर त्या आर्वो कोळ्याला ऐकलं मी. वारं सुटलंय, जाळी आत घ्या, म्हणत होता."

मशीन बंद करून ठेव, उद्या मी स्वतः येते, एवढंच कसंबसं सांगितलं. मग नकार लिहायला कीबोर्ड ओढला, तर इल्पोने आपला पॅच आधीच मागे घेतला होता. जुना कोड होता तसा ठेवून तो त्या कोडच्या वर एक ओळ लिहीत होता: हे चुकीचं आहे, पण याला हात लावू नका, आत माणसं आहेत.