पाणी पूर्वेकडे सरकलं

मेघा रामटेके आधी गुजरातेत तेलसाठ्यांची मॉडेलं बनवायची. खडकात सोडलेलं पाणी आतल्या वायूला ढकलत कुठवर जाईल, आणि त्यामुळे वर जमिनीवर गुरुत्वाकर्षण किती किंचित वाढेल, हे संगणकावर आधीच काढायचं, हे तिचं काम. नागपूरला परतल्यावर तिने तीच पद्धत सावनेरजवळच्या एका बंद कोळसा खाणीला लावली. खाण पाण्याने भरलेली होती. ते पाणी जागच्या जागी राहायला हवं होतं. पण पूर्वेच्या माळावर गुरुत्वाकर्षण वाढतच चाललं होतं. म्हणजे जुन्या रिकाम्या बोगद्यांत पाणी शिरत होतं. त्यांच्या पलीकडे विक्की नावाचा एक जण पोरं खाली उतरवून चोरून कोळसा काढायचा.

बोगदे आणि विक्कीची खोदाई यांच्यामधली भिंत आता फुटणार असं मॉडेलमध्ये दिसलं, तेव्हा मेघा आणि तिचा सहकारी रोशन सरळ गाडी काढून माळावर गेले. विक्कीच्या खोदाईत उतरणाऱ्या विवराच्या तोंडाशी त्याची दोन माणसं उभी होती.

"खाली कोणी आहे का?" गाडीतून उतरतानाच मेघाने विचारलं.

मागच्या सीटवरचं गुरुत्वमापक यंत्र पाहून एकाने विक्कीला हाक मारली. तो आला तो हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊनच.

"कोणं पाठवलं बे तुमाले? मोजमाप करून मले पकडून देता?"

"पाणी येऊन राहिलं, भाऊ," रोशन म्हणाला. "पोरायले वर बोलाव."

विक्कीने सब्बल त्याच्या तोंडावर हाणली. गालाचं हाड मोडल्याचा आवाज मेघाने ऐकला. रोशन पडला, तरी त्याला लाथा बसतच होत्या. विक्कीच्या दोघा माणसांनी यंत्र ओढून दगडावर आपटलं. मेघा मध्ये धावली, तेव्हा विक्कीने तिला केस धरून विवरापर्यंत फरफटत नेलं.

"बोल आता. कोणाले सांगतलं?"

"मार मले," ती धापा टाकत म्हणाली. "पण आधी त्यायले वर काढ. तुहं कोण आहे खाली?"

त्याने तिच्या थोबाडीत मारली. तिने त्याच्या मनगटात दात रुतवले आणि रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. तेवढ्यात विवरातून थंड वारं सुटलं. शिट्टीसारखा आवाज करत ते जोरात वर येत होतं. मेघाला कळलं, की पाणी हवेला पुढे लोटतंय. तिने मनगट सोडलं आणि ती ओरडली, "फुटली!"

"लहानू!" विक्की किंचाळला. लहानू त्याचा सख्खा भाऊ होता.

खालची दोन पोरं शिडीने वर आली, काळ्या पाण्याने निथळत. तिसऱ्याचा, लहानूचा, नुसता हात दिसला. विक्कीने तो पकडला, पण पाण्याने शिडीच उखडली आणि हात निसटला.

विक्की सब्बल उचलून मेघावर धावला. "तूच सोडलं पाणी! तूच!" वर आलेल्या दोघांनीच त्याला खाली पाडलं. पाणी येतंय हे कळूनही त्याने वर बोलावलं नाही म्हणून त्यांनी त्याला मारलं. इतकं, की शेवटी मेघालाच त्यांचे हात धरावे लागले.

रोशनचा डावा डोळा गेला. विक्की तुरुंगात गेला.

आठवड्याने बुडालेल्या लहानूची आणि विक्कीची आई अंजनाबाई मेघाच्या दारात आली.

"तुले दिसत होतं न पाणी? मंग आधी काहून नाही आली वं?"

"संगणकावर भिंत फुटताना दिसली, तशीच निघाली, मावशी."

अंजनाबाईने तिच्या छातीवर मुठी मारायला सुरुवात केली. फरफटताना दुखावलेल्या बरगड्यांत कळ उठत होती, पण मेघाने तिला अडवलं नाही. म्हातारी दमली, तेव्हा मेघाने तिला उंबऱ्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. लहानू पोहायला कुठे शिकला, हे अंजनाबाई सांगू लागली.